सबब शिफारस नाही

आप्पा,

तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि आज मी तुम्हाला लिहायला बसलेय ती एका पिस्तुलाच्या अर्जावरून. तुम्ही असतात तर मिशीतल्या मिशीत हसला असतात. उभी नोकरी तुम्ही तालुक्याच्या पोलीस ठाण्यात गोपनीयचं टेबल सांभाळलंत. कुणाचा पासपोर्ट, कुणाची चारित्र्य पडताळणी, आणि अधूनमधून बंदुकीच्या परवान्याचे अर्ज. मी त्या सगळ्यापासून लांब पळाले. मेकॅनिकल केलं, जर्मनीत ब्राउनश्वाइगला येऊन पुढचं शिकले, आता गाड्यांच्या ब्रेकवर काम करते. चौकशी, जबाब, शिफारस हे शब्द तुमच्याबरोबर गेले असं मी धरून चालले होते. कसलं काय.

निघताना तुम्ही मला फाइल दिली होतीत, आठवतं? मैत्रिणींच्या वडिलांनी घड्याळं दिली, साखळ्या दिल्या. तुम्ही दिलीत खाकी पुठ्ठ्याची फाइल, प्रत्येक कागद दोन प्रतींत, हिरव्या टॅगमध्ये ओवलेला, वर तुमच्या अक्षरात अनुक्रमणिका. मला विमानतळावर तिची लाज वाटली होती. इथल्या व्हिसा ऑफिसातल्या बाईनं ती उघडली, एकेक पान उलटलं आणि विचारलं, हे कुणी लावलं? माझे वडील पोलिसात आहेत, मी म्हटलं. त्यांना इथे पाठवून द्या, ती म्हणाली. हे तुम्हाला फोनवर सांगितलं तर तुमचा एकच प्रश्न, "टॅग निसटला तर नाही ना?" ती फाइल अजून माझ्याकडे आहे आणि टॅग तसाच आहे.

आता मी या भानगडीत पडले कशी ते सांगते. तुमची नात पंधरा वर्षांची आहे. मी मराठीत विचारते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आणि भांडण मात्र दोन्ही भाषांत होतं. तिला एअर रायफलचं वेड लागलंय. इथे गावागावात नेमबाजांचा क्लब असतो, फेराइन म्हणतात त्याला. भिंतीवर जुन्या ढाली, कपाटात कप, आणि बाहेर सॉसेज भाजायची जाळी. तिला सोडता-आणता मी तिथली चिटणीस झाले, कारण बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम कुणालाच नको होतं. प्रोटोकोल म्हणतात त्याला आणि त्यावर या लोकांचा फार जीव. मी पडले तुमची मुलगी, कोरा कागद दिसला की हात शिवशिवतात. एअर रायफलला परवाना लागत नाही. पण खरं पिस्तूल घ्यायचं तर वर्षभर क्लबात नियमित यायचं, मग क्लबानं लिहून द्यायचं की या माणसाला खेळासाठी हत्याराची गरज आहे. त्याच्यावर दोन सह्या, अध्यक्षांची आणि चिटणिसाची. मग सरकारी ऑफिस पोलिसांकडे विचारतं, जुने गुन्हे शोधतं, आणि परवाना देतं. चार वर्षांत असे कितीतरी कागद मी कॉफी पिता पिता सही करून मोकळी झाले होते.

यंदा वसंतात इथल्याच दुसऱ्या राज्यातल्या एका गावात एक माणूस भर दुपारी बाजारचौकात आला आणि त्यानं दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडल्या. हत्यार त्याच्या नावावर होतं, परवाना कायदेशीर होता, तोही एका क्लबाचा सभासद होता. सगळे तपास पार पडलेले होते. आठवडाभर टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आमच्या कँटीनमध्ये दोन तट पडले. एक म्हणायचे, तपास आणखी कडक करा, दर वर्षी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. दुसरे म्हणायचे, कायदा आधीच इतका कडक आहे, एका वेड्यासाठी हजारांना त्रास का. मी ताटात बघून जेवत होते. घरी आले तर तुमची नात सोफ्यावर बसून बातम्या बघत होती. माझ्याकडे न बघता जर्मनमध्ये म्हणाली, "आई, त्याच्या कागदावरपण कुणीतरी सही केली असेल ना?" मी स्वयंपाकघरात जाऊन कणीक मळायला घेतली.

तेव्हा तुम्ही आठवलात. मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेली, आणि तुमचा पाय प्लॅस्टरमध्ये. रजा घ्या म्हटलं तर ऐकाल तर शपथ. मग मी लूना चालवायची आणि मागे तुम्ही, एक पाय लांब काढून, पोटाशी कागदाची पिशवी धरून. अख्खा बाजार हसायचा. चौकशीला तुम्ही कधी वर्दीत गेला नाहीत. पांढरा शर्ट, वेळ साधारण अकराची, आधी निरोप नाही. आत गेल्यावर बंदुकीचं नावसुद्धा घ्यायचं नाही. पाऊसपाणी, पोरांच्या शाळा, म्हशीचं दूध. आणि पाणी मागायचं. मला वाटायचं, उन्हातून आलाय, तहान लागली असेल. खूप पुढे तुम्ही मला सांगितलंत की पाणी प्यायला नाही, बघायला मागायचं असतं. कोण उठतं, कसं उठतं, आत कुजबुज होते की एकदम शांत होतं, आणणारं माणूस पाहुण्याकडे बघतं की घरच्या धन्याकडे.

त्या कंत्राटदाराच्या घरी आपण गेलो तो दिवस मला स्वच्छ दिसतो. शाळेला भिंत बांधून देणारा, हसतमुख, देवभोळा माणूस. साहेबांनी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, करून टाका त्यांचं. तुम्ही पाणी मागता. तो काही बोलत नाही, टीपॉयवर बोटानं दोनदा टकटक करतो. आत चालू असलेला मिक्सर थांबतो. त्याची बायको तांब्या-भांडं घेऊन येते, ठेवते, आणि तिची नजर त्याच्या बोटांवरून हलत नाही. मला तेव्हा काडीचंही कळलं नाही. मी तिच्यामागे आत गेले. तिनं हळूच विचारलं, कशाला आलेत गं? मी शहाणी, सांगून टाकलं, बंदुकीच्या परवान्याची चौकशी आहे, तुमच्या घरात सगळं ठीक आहे ना ते बघायला आलोय. तिच्या हातातली पळी खाली पडली. मग ती मोठ्यानं, बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळं झकास हाय आमच्यात."

एसटी स्टँडजवळ तुम्ही मला लूना थांबवायला लावलीत. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही नाही चढवला. म्हणालात, "घरातल्या बाईला आपण काय बघाया आलोय ते कधी सांगायचं न्हाई. तिचं नाव कागदावर येऊ द्यायचं न्हाई. आपण निघून जातो, ती तिथंच ऱ्हाती." मी रडले. तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि पुन्हा त्यावर बोलला नाहीत. रात्री जेवणाआधी पाटावर बसून रिपोर्ट लिहिलात, मी कार्बन लावून दिला. बायकोचा उल्लेख नाही, बोटांचा नाही, मिक्सरचा नाही. फक्त एवढंच, की अर्जदाराच्या जिवास धोका असल्याचे चौकशीत दिसून येत नाही, शस्त्राची गरज दिसत नाही, सबब शिफारस नाही. नियमात चपखल बसणारं कारण. कंत्राटदाराला शेवटपर्यंत कळलं नाही की त्याच्या बायकोच्या नजरेनं त्याचा परवाना अडवला. साहेबांना मात्र कळलं की हवालदारानं ऐकलं नाही. तुमची बदली डोंगराकडच्या चौकीत झाली आणि दोन वर्षं तुम्ही तिथून आठवड्याला घरी यायचात. आई चिडली की म्हणायची, एका सहीसाठी संसार उधळला. तुम्ही म्हणायचात, केलेल्या सहीसाठी उधळला असता तर वाईट वाटलं असतं. आप्पा, तेव्हा मी आईच्या बाजूनं होते. आज वाटतं, तुमच्याएवढा कामाचा माणूस मी कुठल्याच ऑफिसात पाहिला नाही, आणि ऑफिसं मी बरीच पाहिली.

हे सगळं मी क्लबाच्या बैठकीत सांगितलं. त्या गावातल्या प्रकारानंतर आम्ही पदाधिकारी भेटलो होतो, विषय हाच, आपण सही करण्याआधी आणखी काही बघायचं का. आमचे अध्यक्ष पंचाहत्तरीचे, निवृत्त सुतार, माणूस सरळ. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. "आल्झो, तर मग," म्हणाले, "तुझे वडील मोठा माणूस. पण त्यांच्यामागे सरकार होतं. आपल्यामागे काय आहे? आपण बेकरीवाले, सुतार, इंजिनिअर. आपण नियम सोडून मनाला काय वाटतं ते मोजायला लागलो, तर आधी कुणाला बाहेर काढू माहितीय? जे आपल्यासारखे दिसत नाहीत त्यांना. तू इथे आलीस तेव्हा दोघंजण मला म्हणाले होते, या बाईचं काही कळत नाही. मी विचारलं, नियमात बसते ना? मग विषय संपला." खरंच होतं ते. त्यांच्या त्या नियमाच्या आडोशानंच मी त्या खुर्चीवर बसले होते. प्रोटोकोलमध्ये मी लिहिलं, चर्चा झाली, निर्णय नाही.

आणि पुढच्याच आठवड्यात अर्ज आला तो आपल्याच माणसाचा. पुण्याचा, अडतीस वर्षांचा, गाड्यांच्याच धंद्यातला. क्लबात सगळ्यांचा लाडका. जत्रेत जाळीवर उभा राहणारा, वेबसाइट दुरुस्त करून देणारा, नेम एक नंबर. मला ताई म्हणतो. त्याची बायकोही मला ताई म्हणते. त्यांना चार वर्षांचा मुलगा आहे. अध्यक्षांनी सही करून कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, हा तर तुझ्याच गावचा. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

इथे कुणाच्या दारात टर्मिन, म्हणजे आधी ठरवलेली वेळ, घेतल्याशिवाय उभं राहत नाहीत. सख्खा भाऊ असला तरी आधी मेसेज. पण आपल्या लोकांत अजून चालतं. शनिवारी अकराला मी बेल वाजवली. इथून जात होते, म्हटलं डोकवावं. तो खूश झाला, "या ना ताई, या." मुलगा गालिच्यावर ठोकळ्यांचा पूल बांधत होता. मी बसले, थंडीवर बोलले, किंडरगार्टनवर बोलले, आणि पाणी मागितलं. आप्पा, त्यानं हाक मारली नाही. हातातला फोन काचेच्या टेबलावर पालथा ठेवला, एवढंच. टक असा आवाज झाला. आतला नळ बंद झाला. आणि मुलगा, कुणी एक अक्षर बोललं नव्हतं, ठोकळे उचलून डब्यात भरायला लागला. एकेक करून, आवाज न होऊ देता. ती पाणी घेऊन आली, ग्लास माझ्यासमोर ठेवला आणि त्याच्या हाताकडे बघत मला म्हणाली, कशा आहात ताई? त्यानं हसून विचारलं, "फॉर्म झाला का?" मी पाणी प्यायले. बघते म्हटलं आणि उठले.

सही करणार नाही हे मी अध्यक्षांना सोमवारी सांगितलं. का, तेही सांगितलं, फोनपासून ठोकळ्यांपर्यंत. ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "नवरा दारात आला की माझी बहीण असंच टेबल आवरायची." त्यांनी आपली सही खोडली. पण म्हणाले, कारण लेखी हवं, बिनकारणाचा नकार मी कुणाला देणार नाही, आणि अर्जदाराला त्याची प्रत मिळाली पाहिजे, तो त्याचा हक्क आहे. गेनाऊ, अगदी बरोबर, मी म्हटलं. आणि तिथेच बसून लिहिलं. सुरेख जर्मनमध्ये, तीन ओळी. चिटणिसाने घरी भेट दिली असता पत्नी व मूल अर्जदाराच्या दहशतीखाली असल्याचे जाणवले, म्हणून घरात हत्यार असणे धोक्याचे वाटते. खाली सही, आणि दुपारीच त्याला ईमेल. मला काय अभिमान वाटला होता म्हणून सांगू. वाटलं, आप्पांची पोर शोभले.

संध्याकाळी आमटीला फोडणी देताना मला एसटी स्टँड आठवला. मी गॅस बंद केला आणि तिथेच जमिनीवर बसले. तुम्ही तीस वर्षांपूर्वी जे करू नको म्हणून एकदाच सांगितलं होतंत, तेच नेमकं मी केलं होतं. आणि तुमच्यासारखं कारण काय नव्हतं का? होतं. माझ्याच हजेरीपटात होतं. हिवाळ्यात तो दोन महिने पुण्याला गेला होता, वर्षाची नियमित हजेरी भरत नव्हती. हजेरी अपुरी, सबब शिफारस नाही. झालं असतं काम. पण मला माझं बघणं मिरवायचं होतं. तुम्ही बघितलेलं पोटात ठेवायचात आणि म्हणून ते कामाला यायचं.

तिला फोन लावला, बंद. दुसऱ्या दिवशी लावला तर त्यानं उचलला. आवाजात साखर. "ताई, तुम्ही आमच्या घरातलं बरंच बघता म्हणे." मी पोलिसांना कळवलं. ते घरी जाऊन आले, म्हणाले, बाई म्हणतात सगळं ठीक आहे. आपल्या इथल्या मुलांसाठी शनिवारी दुपारी मराठीचा वर्ग असतो, त्याला मुलगा आला नाही. आठ दिवस माझं जेवणावरून मन उडालं. तुमची नात माझ्याशी मराठीत बोलायला लागली, यावरून काय ते समजा.

नवव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या दारातून फोन आला, तुमच्याकडे कुणी आलंय. ती होती. मुलाचा हात धरलेला, पाठीला एक सॅक, आणि उजव्या मनगटाला पट्टी. मी पट्टीकडे बघितलं, तिनं मला बघताना बघितलं. मी नुसतं म्हटलं, "माझं चुकलं गं. मी ते लिहायला नको होतं." तिनं मान हलवली, त्यातून हो म्हणाली की नाही ते कळलं नाही. मग म्हणाली, "ताई, त्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत मिळेल? आम्ही परवापासून फ्राउएनहाउसमध्ये आहोत. तिथल्या बाई म्हणाल्या, वकिलाला लागेल." फ्राउएनहाउस म्हणजे मार खाणाऱ्या बायकांना आसरा देणारं घर, आप्पा, पत्ता कुणाला सांगत नाहीत. मी तिला कँटीनमध्ये बसवलं, मुलाला पास्ता घेतला, आणि अध्यक्षांना फोन केला. म्हातारा घरच्या सुतारकामाचा झगा न काढता शिक्का घेऊन गाडीनं आला. तिथेच टेबलावर त्यानं शिक्का मारला, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघून गेला.

म्हणजे तुमचं चुकलं होतं असं मी म्हणत नाही. ती पट्टी माझ्या तीन ओळींची आहे हे मला माहीत आहे, आणि पुन्हा वेळ आली तर मी हजेरीपटच काढीन. पण तिनं कागद घडी करताना जे सांगितलं ते तुम्हाला कळवावं म्हणून खरं तर लिहायला बसले. म्हणाली, "त्यानं तो माझ्यापुढे आपटला, वाच म्हणाला, काय पसरवून ठेवलंयस बाहेर. मी वाचला ताई. तीनदा वाचला. मला इतकी वर्षं वाटायचं, बाहेरून काही दिसतच नाही."

आईला हे पत्र तुमच्या तिथीला फोनवरून वाचून दाखवायचं असं आधी ठरवलं होतं. आता नाही दाखवणार. ती सगळं ऐकून घेईल, तुमच्या आठवणीनं डोळे पुसेल, आणि मग विचारेल, तू तर त्या नवरा-बायकोकडे दरवर्षी गणपतीला जेवायला जात होतीस ना गं? जात होते. पाच वर्षं. दुसऱ्याच वर्षी मला दिसलं होतं, ती पंगतीत वाढताना त्याच्या ताटाशी आली की ताटाऐवजी त्याच्या हाताकडे बघायची. मी पुरणपोळीवर तूप वाढून घेतलं, छान झालीये म्हटलं आणि घरी आले.